एका ढोलीची राखण

मार्च महिना लागला की महाधनेशाची मादी उंच झाडाच्या ढोलीत शिरते आणि स्वतःला आतून कोंडून घेते. आपलीच विष्ठा आणि फळांचा चोथा चोचीने थापून ती ढोलीचे तोंड लिंपत आणते. शेवटी जेमतेम चोच बाहेर निघेल एवढी उभी फट उरते. आत ती एक किंवा दोन अंडी घालते, उडायची पिसे गाळते आणि सव्वा महिनाभर अंडी उबवते. या सगळ्या काळात तिचे आणि नंतर पिल्लाचे पोट नराच्या भरवशावर. तो रानभर हिंडून वड-उंबराच्या जातीची फळे गळ्यात साठवून आणतो, ढोलीच्या तोंडाशी चिकटून बसतो आणि एकेक फळ वर काढून फटीतून आत देतो. जुलै-ऑगस्टात पिल्लू बाहेर पडेपर्यंत या खेपा सुरूच असतात. मधेच कुणी त्या नराला टिपले, तर ढोलीतल्या जिवांचीही उपासमार ठरलेली.

अरुणाचल प्रदेशात, पक्के व्याघ्र प्रकल्पाच्या वेशीवर, अशा ढोल्यांवर राखणदार नेमलेले आहेत. ते त्याच भागातल्या निशी जमातीच्या गावांतले आहेत आणि त्यांतले काही पूर्वीचे शिकारी आहेत. त्यांच्या पगाराचा मोठा वाटा देशभरातल्या सामान्य माणसांच्या वर्गणीतून येतो. एका माणसाने एका घरट्याचे पालकत्व घ्यायचे, त्या हंगामापुरते पैसे द्यायचे आणि हंगाम संपला की त्या घरट्याचे काय झाले ते त्याला कळवले जायचे. २०११ साली सुरू झालेली ही ‘धनेश घरटे दत्तक योजना’. निसर्ग राखण्यासाठी छोटा पैसा नेमका कुठे आणि कसा लावावा, याचे इतके स्वच्छ उदाहरण आपल्या देशात क्वचितच सापडेल, असे मला वाटते.

पक्के हे ८६२ चौरस किलोमीटरचे रान. दक्षिणेला आसामातले नामेरी, पश्चिमेला कामेंग नदी, पूर्वेला पक्के नदी. या रानात धनेशाच्या चार जाती नांदतात. सगळ्यांत मोठा महाधनेश, हा अरुणाचलचा राज्यपक्षी (केरळचाही तोच). त्याच्या खालोखाल पिवळ्या किंवा निळ्या गळपिशवीचा धनेश, मग आकाराने लहान कवड्या धनेश आणि उंचावरच्या रानात तांबूस मानेचा धनेश. निशी पुरुषाच्या वेताच्या पारंपरिक टोपीवर महाधनेशाची चोच बसवलेली असते. ती त्याच्या ओळखीचा, मानाचा भाग आहे आणि या मानापायी पिढ्यान्‌पिढ्या पक्षी मारले गेले. मांसासाठी आणि औषधी समजल्या जाणाऱ्या चरबीसाठी मारले गेले ते वेगळेच. या शतकाच्या सुरुवातीला वनखाते आणि वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया यांनी खऱ्या चोचीऐवजी फायबरग्लासच्या चोची करून वाटल्या. टोपीचा मान राहिला आणि पक्ष्याचा जीवही वाचला. लोकांच्या परंपरेला नावे न ठेवता तोडगा काढता येतो, हे त्या चोचींनी दाखवून दिले. पुढच्या कामाची मशागत तिथे झाली, असे म्हणायला हरकत नाही.

दुसरी मशागत गावांनी स्वतः केली. अरुणाचलात गावाचा प्रमुख तो गावबुढा. लाल कोट ही त्याची खूण, आणि त्याचा शब्द गावात चालतो. पक्केच्या आसपासच्या गावबुढ्यांनी २००६ साली एकत्र येऊन ‘घोरा-आभे’ ही संस्था काढली. शिकार आणि वृक्षतोड यांवर बंधने घातली, मोडणाऱ्याला दंड ठरवला. बाहेरच्या संस्थेने येऊन समिती नेमण्यापेक्षा ही गोष्ट निराळी होती. दंड करणारा आणि दंड भरणारा यांची घरे एकाच गावात होती, नात्यातही होती. त्यामुळे नियम पाळले जाण्याची शक्यता किती तरी वाढली.

तिसरा धागा संशोधनाचा. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन या म्हैसूरच्या संस्थेतल्या अपराजिता दत्ता १९९०च्या दशकापासून पक्केत धनेशांचा अभ्यास करत होत्या. व्याघ्र प्रकल्पाच्या आतली घरटी त्यामानाने सुरक्षित होती. खरी काळजी नदीपलीकडच्या पापुम राखीव वनाची होती. नावात ‘राखीव’ असले तरी व्याघ्र प्रकल्पाचे संरक्षण तिथे नव्हते. गावे जवळ, कुऱ्हाड जवळ, बंदूकही जवळ. मोठ्या ढोल्यांची झाडे मात्र तिथेही होती आणि धनेश तिथेही घरटी करत होते. घोरा-आभे, वनखाते आणि दत्तांची संस्था असे तिघे मिळून दत्तक योजना उभी राहिली, ती या पापुमसाठी. पक्केचे तेव्हाचे वनाधिकारी ताना तापी यांचा त्यात मोठा हात होता.

आता राखणदाराचे प्रत्यक्ष काम पाहू. हंगामाच्या तोंडाशी तो रान पालथे घालून चालू घरटी शोधतो. धनेश स्वतः ढोली कोरू शकत नाही. फांदी मोडून, लाकूड कुजून किंवा सुतारपक्ष्याने सुरुवात करून दिल्यावर तयार झालेली ढोलीच त्याला लागते, म्हणून त्याला जुनीच झाडे हवीत. पक्केत महाधनेशाची बरीचशी घरटी भेलूच्या झाडावर असतात. सरळसोट बुंधा, बुंध्याला भिंतीसारखे आधार, आणि आजूबाजूच्या रानाच्या वर निघालेला शेंडा. हे झाड आपल्या सह्याद्रीतही आहे. ढोली तीस मीटर उंच असेल तर खालून फट दिसणेही मुश्कील. मग राखणदार जमीन वाचतो. बुंध्याच्या पायथ्याशी विष्ठेचे ताजे शिंतोडे आहेत का, गर निघालेल्या मोठाल्या बिया पडल्या आहेत का, मागच्या वर्षीच्या बियांतून रोपे उगवली आहेत का. या खुणा दिसल्या की थोडे लांब, झाडोऱ्यात बसायचे आणि नराची वाट पाहायची. महाधनेशाच्या पंखांचा आवाज पक्षी दिसण्याआधी येतो. तो किती वाजता आला, किती वेळ बसला, काय भरवले, मादीची चोच दिसली का, हे सगळे वहीत उतरते. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच झाड, पुन्हा तीच बैठक. असे करत दर वर्षी तीस-चाळीस घरट्यांवर नजर ठेवली जाते, आणि हे करणारी माणसे अवघी दहा-बारा.

पूर्वी ज्याने शिकारीसाठी हे रान वाचायला शिकून घेतले, त्याच्याइतका तज्ज्ञ या कामाला दुसरा कोण मिळणार? त्याची विद्या मोडीत न काढता तिला पगार आणि प्रतिष्ठा देणारी ही योजना आहे. राखणदार गावात परत जातो तेव्हा त्याच्या घरची चूल धनेश जिवंत असण्यावर चालते, हे सगळ्यांना दिसत असते. आजवर शंभराहून जास्त पिल्ले या राखणीतून सुखरूप उडाली आहेत. २०१६ साली पक्केला या कामासाठी भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. त्याआधी २०१३ साली अपराजिता दत्तांना लंडनमध्ये व्हिटली पुरस्कार मिळाला होता.

शंभर पिल्ले म्हणजे काही फार नाहीत, असे कुणाला वाटेल. पण धनेशाची जोडी वर्षाला फार तर एक-दोन पिल्ले वाढवते आणि हा पक्षी दशकानुदशके जगतो. शिवाय एक धनेश म्हणजे रानाचा एक माळी. रानजायफळासारखी मोठ्या बियांची फळे गिळू शकणारे पक्षी रानात मोजकेच. धनेश ती अख्खी गिळतो, बी शाबूत ठेवतो आणि दूर नेऊन टाकतो. संशोधक रोहित नानिवडेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्केतल्या धनेशांवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवून त्यांचा माग काढला, तेव्हा दिसले की हे बी झाडापासून कित्येक किलोमीटर लांब, क्वचित दहा किलोमीटरच्याही पलीकडे जाऊन पडू शकते.

पैशाबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण या योजनेचे मर्म तिथेच आहे. निसर्गसंवर्धनाचा निधी बहुधा प्रकल्पाच्या रूपाने येतो. एक वर्ष, दोन वर्षे, फार तर तीन. नंतर अहवाल, आणि खाते बंद. हे छोटे निधी मोलाचे असतात. ब्रिटनच्या रफर्ड फाउंडेशनने भारतातल्या असंख्य तरुण अभ्यासकांना पहिले बळ दिले आहे. त्यांची पद्धतही शहाणपणाची आहे. आधी छोटी रक्कम द्यायची, काम आणि अहवाल चोख निघाला तरच पुढची पायरी, आणि अहवाल सर्वांना वाचायला खुले. मोठ्या संस्थेचा शिक्का नसलेल्या माणसालाही त्यामुळे एखाद्या अनोळखी बेडकाचा किंवा दुर्लक्षित माळरानाचा अभ्यास सुरू करता येतो. पण धनेशाची जोडी एकच ढोली वर्षानुवर्षे वापरते. तिसऱ्या वर्षी प्रकल्प संपला म्हणून चौथ्या वर्षी मादी ढोलीत शिरायची थांबत नाही. त्या चौथ्या मार्चमध्ये झाडाखाली कोण बसणार? घरटे दत्तक योजनेने या प्रश्नाला उत्तर शोधले. एका मोठ्या दात्यावर भार न टाकता तो अनेक लहान पालकांवर वाटला, आणि मागणी हंगामाच्या हिशोबाने केली. दहा पालक गळाले तरी बाकीचे टिकतात, नवे येतात. पैसाही इमारतीत किंवा गाडीत अडकत नाही, थेट माणसाच्या वेळेवर खर्च होतो. संवर्धनात सगळ्यांत कमी मिळणारी वस्तू जर कुठली असेल, तर ती एका जागी टिकून राहणाऱ्या माणसाचा वेळ.

पण या पैशाच्या मर्यादाही स्वच्छ सांगितल्या पाहिजेत. २०१३ ते २०१७ या काळात पापुम राखीव वनातले सुमारे ३२ चौरस किलोमीटर जंगल नाहीसे झाल्याचे उपग्रहाच्या चित्रांवरून पक्केतल्या याच संशोधकांनी दाखवून दिले. राखणदार घरट्याच्या झाडावर नजर ठेवतो. त्या झाडाभोवतीची फळझाडे यंत्राच्या करवतीने आडवी होत असतील, तर त्याची वही काय करणार? नराला फळांसाठी आणखी लांब जावे लागते आणि एक दिवस ते झाड मोकळ्या रानात एकटे उभे राहते. बेकायदा तोड थांबवणे हे सरकारचे काम आहे आणि ते सरकारनेच केले पाहिजे. वर्गणीदारांच्या पैशावर ते ढकलणे अन्याय होईल. तरीही एक गोष्ट विसरता येत नाही. रान किती वेगाने जात आहे, हे जगापुढे आले ते तिथे वर्षानुवर्षे माणसे टिकून होती म्हणूनच.

ज्याला पैसे देणे जमत नाही, त्याच्यासाठी दुसरी वाट आहे. २०१४ साली अपराजिता दत्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘हॉर्नबिल वॉच’ हा उपक्रम काढला. देशात कुणालाही धनेश दिसला की त्याने जागा, तारीख, संख्या आणि जमल्यास छायाचित्र पाठवायचे. पहिल्या तीनेक वर्षांत नऊशेहून अधिक नोंदी जमल्या. भारतात धनेशाच्या नऊ जाती आहेत आणि त्यांतल्या अनेकांचा वावर अभयारण्याबाहेर, बागांत, रस्त्याकडेच्या वडांवर, गावच्या देवरायांत असतो. तिथे वनखात्याची गस्त नसते, पण शाळेतले शिक्षक, एसटीचे चालक, आंब्याचे बागायतदार असतात. एकट्यादुकट्या नोंदीला फार अर्थ नसतो. हजार नोंदी नकाशावर मांडल्या की कुठले रान अजून जोडलेले आहे आणि कुठे तुटले, ते दिसू लागते.

हा नकाशा आपल्या दारातही येतो. महाराष्ट्रात नवांपैकी चार जाती आहेत. कोकणात लोक ज्याला गरुड म्हणतात तो महाधनेश रत्नागिरी-सिंधुदुर्गात अजून घरटी करतो, आणि त्यांतली बरीच खासगी जमिनीवरच्या जुन्या बेहड्याच्या ढोलीत असतात. खासगी झाड तोडायला मालकाला फारसे काही आडवे येत नाही. बेहड्याच्या लाकडाला भाव कमी, तरी ते गरजेला विकले जाते. पुण्याची एईआरएफ ही अर्चना गोडबोले आणि जयंत सरनाईक यांची संस्था या प्रश्नाला वेगळ्या बाजूने भिडली. त्रिफळा चूर्णात बेहडा लागतोच. भीमाशंकर परिसरातल्या महादेव कोळी कुटुंबांनी झाडाला धक्का न लावता, ठरलेल्या रीतीने फळे गोळा करायची, त्याला ‘फेअरवाइल्ड’ हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवायचे आणि चांगल्या भावाने परदेशी औषध कंपनीला विकायची, अशी साखळी त्यांनी २०१५च्या सुमारास जुळवली. उभ्या झाडाचे उत्पन्न तोडलेल्या झाडाच्या पुढे गेले की मालक स्वतःच राखणदार होतो. पक्केत पालकाची वर्गणी जे काम करते, ते इथे बेहड्याचे फळ करते.

वाचकांना एवढेच सांगणे आहे. तुमच्या गावात, आजोळी किंवा नेहमीच्या वाटेवर धनेश दिसत असेल तर तो नुसता पाहून सोडू नका. तारीख, जागा आणि नर होता की मादी, हे लिहून ठेवा आणि नोंद पाठवा. घरट्याची नेमकी जागा मात्र चारचौघांत सांगू नका. छायाचित्रासाठी ढोलीजवळ गर्दी झाली तर नर फळ न भरवताच परत फिरतो. तुमच्या जमिनीत जुना बेहडा किंवा आंबा ढोलीसह उभा असेल तर तो राखा. आणि वर्गणी देणार असाल तर लहान द्या, पण दर वर्षी द्या. पुढच्या मार्चला मादी पुन्हा ढोलीत जाणार आहे आणि राखणदाराचा पगार तेव्हाही द्यावा लागणार आहे.