नाव ठेवण्याचे शास्त्र

‘बोलणाऱ्याची बोरे विकतात’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याला धड बोलताच येत नाही त्याच्या बोरांचे काय, हे मात्र कोणी सांगत नाही. मूल अडखळू लागले की घरातली वडील मंडळी ‘जीभ जड आहे’ म्हणतात आणि मधात वेखंड उगाळून चाटवतात. वर्गातली मुले त्याला ‘तोतऱ्या’ म्हणून मोकळी होतात. बोलण्यातले व ऐकण्यातले दोष हा विद्यापीठात शिकवण्याचा आणि जन्मभर संशोधन करण्याचा विषय आहे, याची दखल आपल्याकडे फारशी घेतली जात नाही. मानसशास्त्राचा विद्यार्थी म्हणून या विषयाचे वाचन करताना मला वेंडेल जॉन्सन या अमेरिकन प्राध्यापकाची कारकीर्द विशेष विचार करण्याजोगी वाटली. तिचा परिचय येथे करून देत आहे.

जॉन्सन यांचा जन्म १९०६ साली कॅन्सस राज्यातल्या एका शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणापासून ते तोतरे बोलत. १९२६ साली ते आयोवा विद्यापीठात आले, कारण तोतरेपणावर शास्त्रीय संशोधन तेथे सुरू झाले होते. पदवी त्यांनी इंग्रजी साहित्यात घेतली, मग ते मानसशास्त्राकडे वळले आणि १९३१ साली डॉक्टर झाले. स्वतःच्या तोतरेपणाविषयी त्यांनी लिहिलेले पुस्तक त्याआधीच, १९३० साली, प्रसिद्ध झाले होते. पुढे १९६५ साली मृत्यू येईपर्यंत ते आयोवातच शिकवीत राहिले. म्हणजे स्वतःचे दुखणे हाच त्यांनी अभ्यासाचा विषय केला. असे करणारे ते एकटे नव्हते. त्यांचे समकालीन चार्ल्स व्हॅन रायपर हेही तोतरे बोलत. आयोवात शिकून १९३६ साली त्यांनी मिशिगनमधील कालामाझू येथे वाचोपचार केंद्र काढले. तोतरेपणा दडपण्यापेक्षा न घाबरता, सहजपणे अडखळायला शिकावे, अशी त्यांची शिकवण होती.

त्या काळी आयोवात ली ट्रॅव्हिस यांच्या सिद्धांताचा दबदबा होता. मेंदूच्या दोन अर्धगोलांपैकी एकाचे वर्चस्व स्पष्ट नसले, तर बोलण्याच्या स्नायूंना मिळणाऱ्या आज्ञांचा मेळ बसत नाही, असे ते म्हणत. डावखुऱ्या मुलाला बळेच उजव्या हाताने लिहायला लावल्याने तोतरेपणा येतो, हे मत त्यातूनच रूढ झाले. जॉन्सन यांनी स्वतःवर प्रयोग करून पाहिला. उजवा हात जखडून टाकून त्यांनी डाव्या हाताने कामे करण्याचा सराव केला. बोलण्यात काही फरक पडला नाही. तेव्हा त्यांनी शरीराचा नाद सोडून भाषेकडे मोर्चा वळवला.

त्यांचा विचार थोडक्यात असा. दोन ते पाच वर्षांचे प्रत्येक मूल शब्द पुन्हा पुन्हा उच्चारते, मध्येच थांबते. बहुतेक घरांत तिकडे कोणी लक्ष देत नाही. पण एखाद्या घरात आईबाप ‘हा तोतरा बोलतो’ असे म्हणू लागतात, त्याला सारखे टोकतात. मग मूल बोलताना सावध होते. अडखळू नये म्हणून ते जी धडपड करते, तीच पुढे तोतरेपणा होऊन बसते. आपल्या भाषेत ‘नाव ठेवणे’ याचे दोन अर्थ होतात. बारशाला नाव ठेवतात, आणि कोणाचा दोष काढला तरी नावेच ठेवली असे आपण म्हणतो. जॉन्सन यांच्या मते पहिल्या अर्थाचे नाव ठेवणे दुसऱ्या अर्थाचे झाले की रोग जन्मतो.

सिद्धांत मोठा आकर्षक होता. पण तो तपासण्याची त्यांची रीत मात्र अंगावर काटा आणणारी होती. १९३९ साली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने त्यांच्या मार्गदर्शनाखाली आयोवातील डॅव्हनपोर्ट येथील अनाथाश्रमात २२ मुलांवर प्रयोग केला. त्यांपैकी नीट बोलणाऱ्या सहा मुलांना, तुमच्यात तोतरेपणाची लक्षणे दिसतात, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका, असे काही महिने बजावण्यात आले. त्यांतली काही मुले गप्प गप्प राहू लागली, बोलायला लाजू लागली. हा प्रबंध नियतकालिकात कधीच छापला गेला नाही. ग्रंथालयात पडून राहिला. २००१ साली एका वृत्तपत्राने तो उजेडात आणला तेव्हा विद्यापीठाने माफी मागितली, आणि २००७ साली आयोवा राज्याने पीडितांना भरपाई देऊन दावा मिटवला. विचारायला आईबाप नाहीत अशीच मुले या कामासाठी निवडली गेली, ही गोष्ट मला सर्वांत खुपते.

आणि एवढे करून सिद्ध काय झाले? २००२ साली दोन अभ्यासकांनी त्या प्रबंधातील नोंदी नव्याने तपासल्या. नाव ठेवल्याने तोतरेपणा निर्माण होतो, याला त्यांत आधार सापडला नाही. आज तोतरेपणा हा मेंदूच्या वाढीशी निगडित दोष मानला जातो. तो घराण्यांतून उतरतो, आणि त्याच्याशी संबंधित काही जनुके २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सापडली. सुमारे ५ टक्के मुले कधी ना कधी तोतरी बोलतात, त्यांतली बरीच आपोआप सुधारतात आणि प्रौढांत हे प्रमाण सुमारे १ टक्का उरते. म्हणजे जॉन्सन यांच्या सिद्धांतामुळे असंख्य आयांनी दोष विनाकारण स्वतःकडे घेतला असणार. तरी त्यांचे सगळेच फोल ठरले असे मला वाटत नाही. टोकण्याने रोग होत नसला, तरी बोलण्याची भीती वाढते आणि माणूस तोंड मिटून घेतो. त्या सहा मुलांपैकी काहींनी नेमके तेच दाखवून दिले.

आपल्या देशात या शास्त्राला १९६५ साली म्हैसूर येथे अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था निघाल्यावर मोठा आधार मिळाला. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. या विषयाच्या पदवीसाठी बारावीला विज्ञान शाखा लागते, त्यामुळे कला शाखेचे विद्यार्थी सहसा तिकडे वळत नाहीत. पण जॉन्सन साहित्याकडून या विषयाकडे आले, हे विसरता येत नाही. मराठी मूल कोणते ध्वनी कधी शिकते, ‘ळ’ आणि ‘ण’ त्याला केव्हा साधतात, हे कळल्याशिवाय मराठी मुलाची तपासणी नीट होणार नाही. हे काम भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याचेही आहे.

शेवटी एक विनंती, विद्यार्थीमित्रांना आणि प्राध्यापकांनाही. तोतरे बोलणाऱ्या पुष्कळांना सर्वांत अवघड जाणारा शब्द म्हणजे स्वतःचे नाव. हजेरीच्या वेळी, तोंडी परीक्षेत एखादा अडखळला तर त्याचा शब्द आपण पुरा करू नये, ‘सावकाश बोल’ असेही सांगू नये. त्याच्याकडे पाहत थांबावे. त्याचे बोलणे त्यालाच संपवू द्यावे. यासाठी कोणत्याही शाखेची पदवी लागत नाही.