पांचशें प्रतींचें पुस्तक

मराठी गद्याच्या इतिहासांत १८८२ हें साल बहुधा एका मृत्यूमुळें लक्षांत राहिलें आहे. त्या वर्षीं मार्च महिन्यांत विष्णुशास्त्री चिपळूणकर निवर्तले आणि 'निबंधमाले'चें पर्व संपलें. परंतु त्याच सालीं, त्याच पुण्यांत, दोन स्त्रियांचीं दोन पुस्तकें छापून बाहेर पडलीं, ह्याची आठवण फारशी काढली जात नाहीं. त्यांपैकीं एक पंडिता रमाबाई यांचें 'स्त्रीधर्मनीति'. त्याला वाचक मिळाले, आश्रय मिळाला, आणि त्याच्या विक्रीचा पैसा बाईंना पुढल्या वर्षीं इंग्लंडच्या प्रवासाला उपयोगी पडला. दुसरें पुस्तक श्री शिवाजी छापखान्यांत छापलेलें होतें. त्याच्या प्रती ५००, किंमत नऊ आणे, नांव 'स्त्रीपुरुषतुलना' आणि लेखिका ताराबाई शिंदे. हें पुस्तक निघालें, कांहींजणांच्या रोषाला पात्र झालें, आणि नंतर नव्वदांहून अधिक वर्षें मराठी वाचकांच्या दृष्टीआड राहिलें.

दृष्टीआड गेलेला ग्रंथ पुन्हां हातीं आला, म्हणजे त्याचें मोल कशावरून ठरवावयाचें? खपावरून तें ठरणार नाहीं; त्यानें आपल्या काळावर केलेल्या परिणामावरूनहि नाहीं, कारण तसा परिणाम करण्याची संधीच त्याला मिळालेली नसते. एकच कसोटी उरते: त्यांत विचारलेल्या प्रश्नाला अद्याप धार आहे किंवा नाहीं. ह्या कसोटीला ताराबाईंचें पुस्तक पुरेपूर उतरतें.

ताराबाई ह्या वऱ्हाडांतील बुलढाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरि शिंदे हे तेथील सरकारी कचेरींत मुख्य कारकून असून सत्यशोधक समाजाचे सभासद होते. मुलीच्या हातीं पाटी देणें हेंच जेव्हां धारिष्टाचें काम होतें, तेव्हां त्यांनीं ताराबाईंना लिहावयास-वाचावयास शिकविलें. तथापि घराणें मराठा कुळरीति पाळणारें. विवाहानंतर ताराबाई वडिलांच्याच घरीं राहिल्या. यजमान घरजांवई होते. सभासंमेलनें, व्याख्यानें, पंडितांचे वाद ह्यांशीं त्यांचा संबंध येण्याचें कारणच नव्हतें. आपण घरांत कोंडलेली एक स्त्री आहों, हा आपला पहिलाच प्रयत्न आहे, असें त्यांनीं प्रस्तावनेंत सांगून टाकलें आहे. त्यांचें दुसरें पुस्तक उपलब्ध नाहीं.

ह्या एकाच पुस्तकाला निमित्त झालें तें गुजराथेंतील एका खटल्याचें. १८८१ सालीं सुरतेकडील विजयालक्ष्मी नांवाच्या एका ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात अर्भकाचा प्राण घेतल्याचा आरोप शाबीत होऊन तिला फांशीची शिक्षा झाली. अपिलांत ती जन्मठेपेवर आली आणि पुढें आणखी कमी झाली. विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हां पंचवीस वर्षें लोटलीं होतीं. परंतु १८५६ चा तो कायदा पुस्तकांतच राहिला होता. विधवेला पुनर्विवाह नाहीं, आणि तिचें पाऊल घसरलें, किंवा कोणीं तें घसरावयास लावलें, तर समाजांत ठाव नाहीं. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांना १८६३ च्या सुमारास पुण्यांत बालहत्या-प्रतिबंधक गृह काढावें लागलें, तें ह्याच कारणानें. विजयालक्ष्मीच्या खटल्यानंतर वर्तमानपत्रांत मोठी चर्चा माजली. 'पुणेवैभव' पत्रांतील मजकुराचा रोख तर असा होता, कीं जणूं सगळी स्त्रीजातिच बिघडत चालली आहे. त्या मजकुरानें संतप्त होऊन ताराबाईंनीं लेखणी उचलली.

पुस्तकाच्या पूर्ण शीर्षकांत स्त्रिया आणि पुरुष ह्यांत 'साहसी' कोण, असा प्रश्न घातलेला आहे. आज साहस म्हटलें, कीं पराक्रम डोळ्यांपुढें येतो. ताराबाईंच्या वेळीं ह्या शब्दाला दुसराहि अर्थ होता: मागचापुढचा विचार न करितां केलेलें दुष्कृत्य. स्त्रिया स्वभावतःच साहसी, कपटी व चंचल असतात, अशा आशयाचा एक जुना संस्कृत श्लोक शास्त्रीपंडितांच्या तोंडीं असे. ताराबाईंनीं तोच श्लोक समोर ठेवला आणि त्यांतील एकेक दोष घेऊन विचारलें, कीं हा दोष पुरुषांत नाहीं काय? कोर्टकचेऱ्यांतील खोटे दस्तऐवज, लांचलुचपत, विश्वासघात, परस्त्रीला भुलवून वाऱ्यावर सोडणें, हीं कृत्यें कोणाचीं? तुरुंग कोणी भरले आहेत? युक्तिवादाची ही तऱ्हा साधी, पण तिला उत्तर देणें कठीण. प्रतिपक्षाचेंच माप घेऊन त्यानें प्रतिपक्षालाच मोजावयाचें, ही ती तऱ्हा होय. पुस्तकाच्या नांवांतील 'तुलना' ती हीच.

पुराणांचाहि त्यांनीं असाच झाडा घेतला आहे. पतीचे प्राण परत आणण्याकरितां सावित्री यमापर्यंत गेली, हें सारे कौतुकानें सांगतात; पत्नीसाठीं यमाच्या वाटेचीं चार पावलें तरी चाललेला पति कोणी ऐकिला आहे काय? बायको मरतांच दुसरी आणण्याची मोकळीक पुरुषाला देणारा धर्म आणि नवरा मरतांच तिचें सर्वस्व हिरावून घेणारा धर्म हे दोन्ही एकाच देवानें निर्माण केले काय? 'मुक्तामाला' कादंबरी किंवा 'मनोरमा' नाटक अशा त्या काळच्या लोकप्रिय कृतींतून स्त्रियांचीं चित्रें कशीं काढलीं जातात, ह्याचीहि झडती त्यांनीं घेतली. वाङ्मयांतील स्त्रीप्रतिमेची अशी चिकित्सा भारतांत त्यांच्याआधीं क्वचितच कोणीं केली असेल.

भाषेच्या दृष्टीनेंहि हें पुस्तक लक्षणीय आहे. शास्त्रीबोवांचें गद्य संस्कृत व इंग्रजी वाक्यरचनेच्या शिस्तींत वाढलेलें, लांब पल्ल्याचें आणि डौलदार. ताराबाईंचें गद्य माजघरांतून आलेलें आहे. वाक्यें बोलतां बोलतां लांबतात, मध्येंच तुटतात. म्हणी, टोमणे, शिव्याशाप ह्यांची भर पडते. वाचणाऱ्या पुरुषाला समोर उभा करून त्याला थेट खडसावलें जातें. विरामचिन्हांची फिकीर नाहीं, पण वाक्याचा रोख चुकत नाहीं. मराठी गद्य केवळ विद्वानांच्या बैठकींत घडलें नाहीं, ह्याचा एवढा ठसठशीत पुरावा दुसरा सांपडणें अवघड.

ह्याचा अर्थ पुस्तक निर्दोष आहे, असा नव्हे. संतापाच्या भरांत तोल जातो, तेच तेच पुन्हां येतें, वारांगनांविषयीं कठोर उद्गार निघतात. संसार मोडावा, असें ताराबाईंचें म्हणणें नव्हतें. पतिव्रतेच्या धर्मासारखाच पतीचाहि धर्म असावा, एवढेंच त्या मागत होत्या. परंतु एवढी मागणीहि त्या वेळीं जड झाली. सुधारणेच्या बाजूचे म्हणविणारे कांहींजणहि त्यांच्यावर रुष्ट झाले. तेव्हां जोतीराव फुले यांनीं १८८५ सालीं 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकांत त्यांची बाजू घेऊन टीकाकारांची कानउघाडणी केली. तेवढा एक आधार सोडला, तर पुढील काळांत पुस्तकाविषयीं शांतताच पसरली.

ती शांतता मोडली ती एका संशोधकाच्या हातून. स. गं. मालशे यांना पुस्तकाची जुनी प्रत मिळाली आणि त्यांनीं १९७५ सालीं तें पुन्हां छापलें. पहिल्या छपाईनंतर ९३ वर्षें लोटलीं होतीं. १९९४ सालीं रोझालिंड ओहॅन्लन यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झालें, आणि बुलढाण्याच्या ह्या लेखिकेचें नांव परदेशांतील विद्यापीठांपर्यंत पोंचलें. वासाहतिक काळांतील भारतीय स्त्रियांच्या विचारांचा अभ्यास आतां ह्या पुस्तकाला वगळून होऊं शकत नाहीं.

जुन्या मराठी वाङ्मयांत अशीं उदाहरणें आणखीहि आहेत. फुले यांच्या शाळेंतील मुक्ता साळवे ह्या चौदा वर्षांच्या मुलीनें मांग-महारांच्या दुःखाविषयीं लिहिलेला निबंध १८५५ सालीं 'ज्ञानोदय' पत्रांत आला. तो स्वतंत्र पुस्तक म्हणून निघाला नव्हता. पत्राचे जुने अंक शिल्लक राहिले, म्हणून तो वांचला. म्हणजे ग्रंथाचें आयुष्य केवळ त्याच्या गुणांवर अवलंबून नसतें. कोणीं तरी प्रत जपावी लागते, कोणीं तरी तिची नोंद ठेवावी लागते, आणि कोणीं तरी ती शोधीत यावें लागतें. ठाणें आणि मुंबई येथील मराठी ग्रंथसंग्रहालयें अनुक्रमें १८९३ व १८९८ सालीं स्थापन झालीं, तीं ह्याच कामाचीं केंद्रें बनलीं. शंकर गणेश दाते यांनीं गांवोगांवच्या संग्रहांतून पुस्तकांच्या नोंदी गोळा करून मोठी ग्रंथसूचि सिद्ध केली, तीहि ह्याच काळजीनें.

ही काळजी केवळ संस्थांनीं वाहावयाची, असें नाहीं. सुशिक्षितांच्या घरोघरीं आजेपणजांच्या वेळचीं पुस्तकें फडताळांत असतात. मुखपृष्ठ फाटलेलें, बांधणी सुटलेली, लेखकाचें नांव अनोळखी. घर बदलतांना तीं रद्दीवाल्याच्या तराजूंत जातात. तसें करण्यापूर्वीं छापखान्याचें नांव व साल पाहावें आणि जवळच्या ग्रंथसंग्रहालयाला एकदां विचारावें. ताराबाईंच्या ५०० प्रतींपैकीं बहुतेक अशाच वाटेनें नाहींशा झाल्या असतील. त्यांतली एक उरली, म्हणून त्यांचा प्रश्न आज पुन्हां विचारतां येतो.