पहिला हात, दुसरा हात

चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं १९७० सालचं अमूर्त चित्र सॅफ्रनआर्टच्या लिलावात ६७ कोटी ८ लाखांना गेल्याची बातमी आली, तेव्हा बारामतीत घरोघर रंगकाम निघालं होतं. दसरा तोंडावर आलेला, पेंटर मिळेनासे झालेले. आमच्याही हॉलची भिंत खरवडणं चालू होतं. पुट्टीचा पत्रा फिरला की पोपटी रंगाखालून फिकट गुलाबी निघे, त्याखाली आकाशी आणि अगदी तळाला वडिलांच्या वेळचा नीळ घातलेला चुना.

मोबाइलवर गायतोंड्यांचं एक चित्र मी पेंटरला दाखवलं. किंमत सांगितली नाही. त्याने ते दोन बोटांनी मोठं करून पाहिलं आणि विचारलं, किती हात मारलेत?

बातमी वाचलेल्या बाकी सगळ्यांनी मला एकच विचारलं होतं, ह्यात आहे काय? पेंटरचा प्रश्न मला जास्त बरोबर वाटतो. रंगाच्या थराला आपण ‘हात’ म्हणतो. पहिला हात, दुसरा हात. किती जणांनी किती वेळा भिंतीला हात लावला, याचा हिशेब त्या शब्दातच आहे. अमूर्त चित्राकडे जायची वाट याच शब्दातून जाते, असं माझं मत आहे.

गायतोंडे जन्माने नागपूरचे, घराणं गोव्याचं, शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. १९४८ साली पदविका घेऊन बाहेर पडले. पुढे ब्रश मागे पडत गेला आणि हातात रोलर आला, पॅलेट नाइफ आली. तोच रोलर, जो आपल्या पेंटरच्या बादलीत उभा असतो. पातळ केलेला तैलरंग कॅनव्हासवर फिरवायचा, त्यावर दुसरा थर द्यायचा, मग काही ठिकाणी सुरीने खरवडून खालचा उजेड वर आणायचा. वर्तमानपत्राचे, मासिकाचे कागद हव्या त्या आकारात फाडून किंवा कापून ओल्या रंगावर दाबायचे आणि उचलायचे. कागद थोडा रंग घेऊन जातो, थोडा ठेवून जातो. लिपीसारख्या दिसणाऱ्या, पण वाचता न येणाऱ्या त्यांच्या खुणा बऱ्याचदा अशा उमटल्या आहेत. रंग लावण्याइतकंच रंग उचलणंही इथे काम आहे. वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं होत. बाकीचा वेळ कोऱ्या कॅनव्हाससमोर बसून जाई आणि त्या बसण्यालाही ते कामच समजत.

हे वाचून कुणाला वाटेल की मग चित्र आपोआप होतं. तसं नाही. कागद केव्हा उचलायचा, हे ठरवायला वर्षानुवर्षांची नजर लागते. उशिरा उचलला तर खूण वेगळी उमटते, लवकर उचलला तर वेगळी.

असं ठेवणं-उचलणं मी चित्राबाहेरही पाहिलं आहे. उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी फार उतरलं की इंदापूर तालुक्यात पळसदेवला धरणात गेलेलं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं. लोक ते बघायला जातात. मीही गेलो, पण डोळा काठावरच अडकला. पाणी थोडंथोडं मागे सरलेलं, आणि जिथे थांबलं तिथे गाळाची एक रेघ सोडून गेलेलं. वरच्या रेघा वाळून पांढरट, त्याखालच्या राखाडी, पाण्यालगतची ओली, काळी, चकाकणारी. मध्येच भेगा. पाण्याने गाळ ठेवला होता आणि पाण्यानेच उचलला होता.

गायतोंड्यांचं चित्र म्हणजे उजनीचा काठ नव्हे. ‘ॲब्स्ट्रॅक्ट’ हा शब्दही त्यांना मान्य नव्हता, ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणा, असं ते सांगत. सारखेपणा दिसण्यात नाही, घडण्यात आहे. तो काठ बघताना ‘हे कशाचं चित्र’ असं आपण विचारत नाही. नुसतं बघत राहतो. मग कॅनव्हाससमोरच का अडतो?

आणि गायतोंडे एकटे नाहीत. अकोल्याचे अंबादास खोब्रागडे १९७०च्या दशकात ऑस्लोला गेले आणि अखेरपर्यंत ब्रशच्या लांब, थरथरत्या फटकाऱ्यांशीच खेळत राहिले. प्रभाकर बरवे पूर्ण अमूर्ताकडे गेले नाहीत, पण दारं-खिडक्यांना लावतो तो एनॅमल त्यांनी कॅनव्हासवर आणला. सिंधुदुर्गातून आलेले प्रभाकर कोलते एका रंगाने जवळजवळ अख्खा कॅनव्हास झाकतात आणि मोजक्या फटींतून खालचं जग दिसू देतात. आमच्या खरवडलेल्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर मला आधी कोलतेच आठवले.

या सगळ्यात मला टोचते ती आपली चित्रकलेची शिकवण. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीला बसलेल्या पोराला पहिली ताकीद असते, रंग रेघेबाहेर जाता कामा नये. परीक्षेपुरतं ते ठीक. पण वर्षातला एखादा तास तरी पोरांना ओल्या रंगावर कालचा पेपर दाबू द्या, उचलू द्या, काय उमटलं ते बघू द्या. खर्च काहीच नाही. त्या तासानंतर पोर गायतोंड्यांच्या चित्रासमोर उभं राहिलं, तर पेंटरचाच प्रश्न विचारेल.

पेंटरला मात्र मी उत्तर देऊ शकलो नाही. मोबाइलच्या काचेवर सगळे हात एकाच पातळीला येतात. मुंबईला गेलात तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. तिथल्या जहांगीर निकल्सन संग्रहात गायतोंडे आहेत. भिंतीवर लागलेले असतील, तर समोरून बघून झाल्यावर बाजूला सरका आणि कडेने बघा. उजेड तिरका पडला की कुठे सुरी फिरली, कुठे कागद उचलला, ते दिसायला लागतं.