छोले-पालक : चवीबरोबर रक्तवाढही

पंजाबकडे थंडीच्या दिवसांत काबुली चण्याच्या दाट रश्श्यात पालक घालतात. आपल्याकडे घरचा हरभरा आणि परसातला पालक असला, तर हा पदार्थ सहज होतो.

पाच माणसांसाठी पाव किलो काबुली चणे रात्री भरपूर पाण्यात भिजत घालावेत. सकाळी ते पाणी ओतून ताज्या पाण्यात मीठ टाकून मऊ शिजवावेत. खाण्याचा सोडा टाळावा. त्याने ब-1 जीवनसत्त्व नष्ट होते. चणे जुने असतील तर जास्त वेळ भिजवावेत.

तेलात जिरे, 2 कांदे, आले-लसूण, 2 टोमॅटो परतून हळद, तिखट, धनेपूड घालावी. चणे पाण्यासह ओतून 10 मिनिटे उकळावेत. पालकाची जुडी आधी धुऊन मग चिरावी व शेवटची 5 मिनिटे शिजवावी. उतरवल्यावर लिंबू पिळावे.

लिंबू केवळ चवीसाठी नाही. पालकातले आणि चण्यातले लोह सहजी अंगी लागत नाही. लिंबातले क जीवनसत्त्व त्याला मदत करते. जेवणावर लगेच घेतलेला चहा मात्र आड येतो.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 15 ते 49 वयाच्या दर 100 स्त्रियांपैकी 57 जणींना रक्तक्षय आढळला. एका भाजीने तो बरा होत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या चालूच ठेवाव्यात.

भगिनींनो, सर्वांना वाढून शेवटी बसणारीच्या वाट्याला नुसता रस्सा उरतो. आपली वाटी आधी भरून बाजूला ठेवा.