गुडघ्यातले इंजेक्शन : आराम किती, आशा किती?

पन्नाशीच्या आसपास जिना उतरताना गुडघा कुरकुरू लागला, की ‘एक इंजेक्शन घेऊन टाका’ असा सल्ला मिळतोच. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने दुखणे काही आठवडे कमी होतेही. पण झिजलेली कूर्चा भरून येत नाही. उलट २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत दर तीन महिन्यांनी, दोन वर्षे ते घेणाऱ्यांची कूर्चा जास्तच झिजली. मधुमेह असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. साखर काही दिवस वाढू शकते.

रुग्णाच्याच रक्तापासून बनणारे ‘पीआरपी’ तर चांगलेच महाग. ऑस्ट्रेलियात सौम्य ते मध्यम झीज असलेल्या २८८ जणांवरील चाचणीत (२०२१) वर्षभरानंतर ते साध्या सलाइनपेक्षा सरस ठरले नाही. एवढे पैसे मोजण्यापूर्वी फिजिओथेरपिस्टकडून मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम शिकून घ्यावेत, वजनही उतरवावे.