जुन्या मोटारगाड्यांचे विद्युत रूपांतरण

जुन्या मोटारगाड्यांचे विद्युत रूपांतरण म्हणजे पेट्रोल किंवा डिझेलवर चालणाऱ्या जुन्या मोटारीचे इंजिन काढून त्या जागी विद्युत मोटर, नियंत्रक आणि बॅटरी बसवणे होय. मोटारीचा सांगाडा, बाह्य रूप, आसने आणि बहुधा गिअरबॉक्स मूळचाच राहतो. भारतात या प्रक्रियेस 'रेट्रोफिटिंग' असेही म्हणतात. महाराष्ट्रात हा विषय मुख्यतः प्रीमियर पद्मिनी, अँबॅसेडर आणि महिंद्र जीप या गाड्यांच्या संदर्भात चर्चिला जातो.

पार्श्वभूमी

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट' ही मोटार तयार होऊ लागली. पुढे ती 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखली गेली. मुंबईत नोंदणी झालेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. खाजगी मालकांकडे मात्र अशा गाड्या अजूनही आहेत. १९८९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांवर जुने तीन अक्षरी क्रमांक आढळतात, तर यवतमाळ जिल्ह्यात त्यानंतर नोंदलेल्या गाड्यांवर 'एमएच-२९' ही मालिका असते. सुटे भाग मिळत नाहीत आणि कार्ब्युरेटरची दुरुस्ती जाणणारे मेकॅनिक कमी होत चालले आहेत, ही रूपांतरणाकडे वळण्याची प्रमुख कारणे होत.

तांत्रिक प्रक्रिया

प्रथम इंजिन, रेडिएटर, सायलेन्सर आणि पेट्रोलची टाकी काढली जाते. मोटर व मूळ गिअरबॉक्स यांच्यामध्ये नेमक्या मापाची धातूची जोडपट्टी बसवावी लागते. दोन्हींचे दांडे एका रेषेत नसतील तर बेअरिंग लवकर झिजतात, म्हणून कारागिराच्या कौशल्याची खरी कसोटी येथे लागते. पद्मिनीचे १,०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन सुमारे ४० अश्वशक्तीचे होते. त्यामुळे ३० किलोवॅटची मोटर तिला पुरेशी ठरते. मोटर थांबलेल्या स्थितीपासूनच पूर्ण जोर देत असल्याने गिअर बदलण्याची गरज क्वचितच पडते.

बॅटरी बहुधा लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची असते. प्रत्येक घटाचा दाब व तापमान यांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा तिच्यासोबत आवश्यक असते. दिवे, हॉर्न व वायपर यांच्यासाठी उच्च दाबाचा प्रवाह १२ व्होल्टवर आणणारे वेगळे उपकरण लागते. १५ किलोवॅट-तास क्षमतेच्या बॅटरीचे वजन साधारणतः दीड क्विंटलच्या आत राहते. काढलेल्या भागांमुळे त्याची बरीच भरपाई होते. तरीही वजन पुढच्या व मागच्या भागात विभागले नाही तर जुन्या पाट्यांवर (स्प्रिंगांवर) आणि ड्रम ब्रेकवर ताण येतो.

यवतमाळ जिल्ह्यातील परिस्थिती

अशी गाडी दर किलोमीटरला सुमारे ०.१५ युनिट वीज वापरते असे धरल्यास वरील बॅटरीवर १०० किलोमीटरचा पल्ला मिळतो. यवतमाळहून वर्ध्याचे अंतर सुमारे ७० किलोमीटर असल्याने तेथपर्यंतचा प्रवास शक्य होतो. मात्र सुमारे १५० किलोमीटरवरील नागपूर एका चार्जिंगमध्ये गाठता येत नाही. जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. या प्रकारच्या बॅटऱ्या सामान्यतः ४५ अंशांपर्यंतच चार्ज कराव्यात असा निर्मात्यांचा दंडक असतो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीतील तापमान ही मर्यादा सहज ओलांडते. त्यामुळे हवा खेळती ठेवणे व रात्री चार्ज करणे येथे आवश्यक ठरते.

प्रदूषणाचा हिशोब वाटतो तितका सरळ नाही. १०० किलोमीटरसाठी पद्मिनीला ८ लिटर पेट्रोल लागले, तर सुमारे १८ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तेवढ्याच अंतराला लागणारी वीज पूर्णपणे कोळशावर तयार झाली असेल, तर वहनातील गळती धरून हा आकडा जवळपास तितकाच येतो. वणी परिसरातील कोळसा खाणी आणि शेजारच्या चंद्रपूरचे औष्णिक विद्युत केंद्र पाहता विदर्भात ही बाब दुर्लक्षून चालत नाही. छतावरील सौर पटलांवर चार्ज केलेल्या गाडीचा लाभ मात्र स्पष्ट आहे. रस्त्यावरचा धूर दोन्ही परिस्थितींत नाहीसा होतो.

कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. बॅटरीसह अन्य ऊर्जास्रोतांवर वाहन चालवण्यासाठी किट बसवण्यास मात्र विहित अटींवर मुभा आहे. २०१६ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत यासाठी स्वतंत्र तरतूद झाली. किटच्या निर्मात्यास पुण्यातील एआरएआयसारख्या चाचणी संस्थेकडून मंजुरी घ्यावी लागते. ही मंजुरी ठरावीक मॉडेलांपुरती असते. किट बसवल्यावर परिवहन कार्यालयात तपासणी होऊन नोंदणी प्रमाणपत्रातील इंधनाची नोंद बदलली जाते. गॅरेजमध्ये जुळवलेली, मंजुरी नसलेली गाडी कितीही चांगली चालली तरी ती रस्त्यावर बेकायदा ठरते आणि तिचा विमाही धोक्यात येतो. निर्मात्यांचा ओढा अधिक खपाच्या गाड्यांकडे असल्याने दुर्मीळ गाड्यांच्या मालकांसाठी ही अट सर्वांत जाचक आहे.

मूळ स्वरूपाचा प्रश्न

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकींसाठी 'विंटेज' नोंदणीचे नियम लागू केले. या नोंदणीसाठी वाहन मूळ स्वरूपात असावे लागते. सांगाडा, बाह्य कवच किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. अशी गाडी दैनंदिन वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. परिणामी ५० वर्षांपुढील गाडीच्या मालकाला वारसा जपणे किंवा रोजचा वापर यांपैकी एकाची निवड करावी लागते. विद्युत मोटर बसवताच विंटेज दर्जाचा मार्ग बंद होतो.

ऐतिहासिक वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना 'फिवा' हिनेही २०१९ मध्ये अशा गाड्यांना ऐतिहासिक वाहन मानण्यास नकार दिला आणि बदल करायचाच असेल तर तो उलट फिरवता येण्याजोगा असावा, तसेच काढलेले भाग जपून ठेवावेत, असे सुचवले. जग्वार कंपनीने 'ई-टाइप झिरो' ही गाडी याच तत्त्वावर बनवली होती. तिची बॅटरी मूळ इंजिनाच्या आकाराची होती, त्यामुळे जुने इंजिन परत बसवणे शक्य होते. भारतात मात्र काढलेले इंजिन जपून ठेवले तरी ते पुन्हा बसवताना परिवहन कार्यालयाची नव्याने परवानगी घ्यावी लागते.