नथ मोडण्याआधी : फोकस स्टॅकिंगसाठी कॅमेरा कसा लावावा



घरातलं जुनं सोनं फार काळ जुनं राहत नाही. लग्न ठरलं, वाटण्या झाल्या किंवा नुसतीच फॅशन बदलली, की पाटल्या, ठुशी, नथ सोनाराकडे जातात, मोडल्या जातात आणि त्याच सोन्याचं नवं काहीतरी होऊन येतं. त्यात गैर काही नाही, सोनं त्यासाठीच ठेवलेलं असतं. पण पणजीची नथ कशी होती हे पुढे सांगायला उरतो तो तिचा लग्नातला कृष्णधवल फोटो, आणि त्यात नथ म्हणजे एक पांढरा ठिपका!

आपण वर्षा-दोन वर्षांतून तीन आठवडे घरी जातो. त्यात आईच्या मागे लागून ती नथ लॉकरमधून काढली, तर फार तर एक दुपार ती आपल्या हातात असते. त्या एका दुपारी मोत्यांची भोकं, तारेचा पीळ आणि खड्यांची कोंदणं सगळं स्पष्ट दिसेल असा फोटो काढायचा, तर फोकस स्टॅकिंगला पर्याय नाही. आणि हे तंत्र त्या दुपारी शिकायचं नसतं. तयारी इथेच, आपल्या डायनिंग टेबलवर करून जायची असते.

अडचण नेमकी कुठे आहे?

आपण सगळे इंजिनीअर, तेव्हा थेट आकड्यांवर येऊ. जवळून फोटो काढताना डेप्थ ऑफ फील्ड साधारण अशी निघते :

२ × एफ-नंबर × ०.०२ मिमी × (मॅग्निफिकेशन + १) ÷ मॅग्निफिकेशनचा वर्ग

यातले ०.०२ मिमी एपीएस-सी सेन्सरसाठी. फुल फ्रेम असेल तर ०.०३ धरा. मॅग्निफिकेशन निम्मं (०.५) ठेवलं, तर एपीएस-सी कॅमेऱ्यात साधारण ४७ बाय ३१ मिमीचा भाग मावतो, म्हणजे नथ व्यवस्थित बसते. एफ/८ ला डेप्थ येते १.९२ मिमी. नथ पुढून मागे १२ मिमी खोल असेल, तर एका फोटोत तिचा जेमतेम सहावा हिस्सा शार्प येणार. पुढचा मोती धरावा तर मागची तार गेली, तार धरावी तर मोती गेला.

मग ॲपर्चर बारीक करून एफ/२२ का करू नये? केलं तरी डेप्थ ५.३ मिमीच मिळते, आणि डिफ्रॅक्शन आडवं येतं. इतक्या जवळून लेन्सचा खरा एफ-नंबर (मॅग्निफिकेशन + १) पटीने वाढतो. एफ/२२ चा होतो एफ/३३. तिथे प्रकाशाचा प्रत्येक बिंदू सेन्सरवर सुमारे ०.०४४ मिमीचा ठिपका होऊन पडतो, म्हणजे आपण चालवून घेतो त्याच्या दुप्पट. सगळंच सारखं मऊ दिसतं. एफ/८ ला हाच ठिपका ०.०१६ मिमी असतो. म्हणून एफ/५.६ ते एफ/८ ही सुरक्षित जागा. तिथेच थांबायचं, फोकस थोडा थोडा सरकवत वीस-तीस फोटो काढायचे आणि प्रत्येकातला शार्प भाग सॉफ्टवेअरने एकत्र करायचा. फोकस स्टॅकिंग म्हणजे एवढंच.

कॅमेऱ्यात काय करायचं?

सगळ्याचं सार एका वाक्यात : फोकस सोडून दुसरं काहीही बदलता कामा नये.

मोड मॅन्युअल. आयएसओ १०० आणि ऑटो आयएसओ बंद. व्हाइट बॅलन्स एकाच आकड्यावर पक्का, ऑटो नको. फाइल रॉ. सावल्या आपोआप उजळणारी सेटिंग्ज बंद, नाहीतर प्रत्येक फ्रेमचा उजेड वेगळा येतो. कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर स्टॅबिलायझेशन बंद. आरसा असलेला जुना एसएलआर असेल तर लाइव्ह व्ह्यूमध्ये काम करा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा.

फोकस सरकवण्याची सोय बऱ्याच कॅमेऱ्यांत आता आतच असते. निकॉनने २०१७ च्या डी८५० मध्ये ती 'फोकस शिफ्ट' नावाने दिली, कॅननने २०१९ च्या ईओएस आरपीमध्ये 'फोकस ब्रॅकेटिंग' म्हणून दिली, सोनीच्या ए७आर ५ मध्ये २०२२ साली आली. निकॉन आणि कॅननमध्ये फोकस जवळून दूर सरकतो. म्हणून सुरुवात वस्तूच्या सर्वांत पुढच्या बिंदूच्याही किंचित अलीकडे करायची. लेन्सवरचं बटण मात्र एएफवरच ठेवा. मॅन्युअलवर ठेवलं तर कॅमेरा लेन्स हलवणार कशी?

आता गंमत अशी, की मेनूमधली स्टेप १ ते १० असते आणि ते मिलिमीटर नव्हेत. एक स्टेप म्हणजे किती, हे आपणच मोजायचं. एक स्टीलची पट्टी ४५ अंशांत तिरकी उभी करा. जे ॲपर्चर आणि जे अंतर प्रत्यक्षात वापरणार तेच ठेवा. स्टेप ५ लावून दहा फोटो काढा. पहिल्या फोटोत समजा २० मिमीची खूण शार्प आहे आणि दहाव्यात ३३ ची. फरक १३ मिमी, पण पट्टी तिरकी आहे म्हणून त्याला ०.७ ने गुणायचं. आले ९.१ मिमी. मधे नऊ उड्या, म्हणजे एक उडी साधारण १ मिमी. आपली डेप्थ १.९२ मिमी असल्याने शेजारच्या दोन फ्रेम्स जवळजवळ निम्म्या एकमेकींवर येतात, हे ठीक. मोठी प्रिंट काढायची असेल तर उडी अर्ध्या मिमीची करा. १२ मिमी खोलीसाठी २४ फोटो, अधिक पुढे-मागे तीन-तीन जादा. एकूण तीस. मेमरी कार्डाची काटकसर इथे नको.

कॅमेऱ्यात ही सोय नसेल तरी अडत नाही. लेन्सच्या फोकस रिंगवर कागदी चिकटपट्टी लावून पेन्सिलीने बारीक खुणा करा आणि एकेक खूण हाताने फिरवा. मॅक्रो लेन्स नसेल तर ५० मिमीच्या लेन्समागे २५ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब लावली की निम्मं मॅग्निफिकेशन मिळतं. फक्त चौकटीत चारी बाजूंनी थोडी जागा सोडा, कारण फोकस सरकतो तसा वस्तूचा आकार किंचित लहान-मोठा होतो आणि जुळवताना कडा कापल्या जातात.

टेबल, उजेड, पंखा

अमेरिकेतल्या लाकडी फ्लोअरवर कोणी शेजारून चालत गेलं तरी ट्रायपॉड हलतो. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधली सिमेंटची जमीन याबाबत कितीतरी बरी. पण तिथे डोक्यावर पंखा असतो! शूटिंगपुरता तो बंद करायचा, मग कितीही उकडो.

एलईडी दिव्यांचं एक लक्षात ठेवा. भारतात, आखातातल्या बहुतेक देशांत आणि इंग्लंडमध्ये वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेत ६० ची. स्वस्त दिवे त्याच्या दुप्पट वेगाने लुकलुकतात. शटर फार जलद ठेवलं तर एक फ्रेम उजळ, एक काळपट. शटर अर्ध्या सेकंदाचं ठेवा, प्रश्नच मिटतो. खिडकीतला उजेड सुंदर असतो, पण तीस फोटो होईपर्यंत ढग येतो. त्यापेक्षा पडदे ओढून घ्या.

मोती म्हणजे छोटे गोल आरसेच. दिवा, खिडकी, तुमचा पांढरा शर्ट, सगळं त्यात दिसतं. दिव्यासमोर बटर पेपर ताणून लावा, गडद शर्ट घाला आणि स्टॅक संपेपर्यंत जागचे हलू नका. खाली काळं मखमल घालायचा मोह होईल, पण त्यावरची लव आणि धूळ प्रत्येक फ्रेममध्ये येते. साधा करडा कार्डपेपर बरा. नथ उभी राहायला मागे मेणाचा बारीक गोळा लावा. आणि फोटोसाठी म्हणून लिंबू किंवा टूथपेस्टने ती घासू नका. मोती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असतात, आम्लाने खराब होतात. मऊ कोरडं कापड आणि हवेचा फुगा पुरे.

जोडणी

फोटोशॉपमध्ये सगळे फोटो लेयर्स म्हणून उघडून ऑटो-अलाइन आणि मग ऑटो-ब्लेंड केलं तरी काम होतं. खास यासाठीची सॉफ्टवेअर्स म्हणजे हेलिकॉन फोकस आणि झेरीन स्टॅकर. फुकट हवं असेल तर हगिनसोबत येणारी अलाइन-इमेज-स्टॅक आणि एनफ्यूज ही जोडी घ्या. एनफ्यूजमध्ये एक्स्पोजर आणि सॅच्युरेशनचं वजन शून्य, कॉन्ट्रास्टचं एक, आणि हार्ड मास्क चालू.

झेरीनमध्ये दोन पद्धती आहेत. डीमॅप पृष्ठभागाचा रंग आणि पोत छान राखते, म्हणजे मोत्यांसाठी चांगली. पण पुढची तार मागच्या मोत्यावरून जाते तिथे ती गडबडते. तिथे पीमॅक्स बरी, मात्र ती नॉइज वाढवते. दोन्ही करून पाहा आणि रीटचिंगमध्ये मोती एकीतून, तारा दुसरीतून घ्या.

शेवटचं महत्त्वाचं. एकच देखणा फोटो काढून थांबू नका. समोरून, मागून आणि बाजूने असे तीन स्टॅक करा. सगळ्यात मोलाचा मागचा, कारण तार कुठून कशी ओवली आहे ते तिथेच कळतं. उद्या कोणाला तशीच नथ घडवून घ्यायची झाली तर कारागीर तोच फोटो मागेल. एका फोटोत मिलिमीटरची पट्टी ठेवा. वजन लिहा. नथ कोणाची, कोणाकडून कोणाकडे आली, हे आईला विचारून त्याच फोल्डरमध्ये टाइप करून ठेवा. ही माहिती कुठल्याच लेन्सने मिळत नाही. आणि हे फोटो पत्त्यासकट चारचौघांत फिरवू नका. सोनं आहे ते.

तिकीट काढलं असेल तर घरी आजच फोन करा. रविवारी बँक बंद, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारीही बंद. तीन आठवड्यांत लॉकर उघडायचे दिवस वाटतात त्यापेक्षा कमी असतात.